पाचरीची घोडी

४ नोव्हेंबर १९२६, गुरुवार

सीझन संपला एकदाचा. शेवटच्या खेळाला तंबूत माणसं कमी आणि वाराच जास्त होता. शहाण्या सर्कशी ऑक्टोबरातच घरी जाऊन शेगडीपाशी बसल्या. आमच्या मालकांनी, हॅव्हरकँपसाहेबांनी, मात्र हव्यासापायी दोन आठवडे वाढवले आणि आम्ही मोंटानात बोटांवर फुंकर घालत खेळ केले. आता विस्कॉन्सिनला हिवाळी मुक्कामी जायचं. हत्ती, तंबूचं कापड आणि वाघांचे पिंजरे सकाळच्या पहिल्या गाडीने पुढे गेले. आमची दुसरी गाडी. तिच्यात माणसं, भटारखाना, माझ्या कपड्यांच्या पेट्या आणि ओझ्याचे घोडे.

घोडे डब्यात चढवायला लागले की मी हातातलं शिवण टाकून अजूनही बघत उभी राहते. चौदा सीझन झाले तरी हौस फिटत नाही. एका डब्यात सत्तावीस थोराड घोडे खांद्याला खांदा लावून आडवे उभे करायचे. दोन्ही टोकांकडून भरत यायचं आणि मधल्या दारापाशी वीतभर फट उरली की तिच्यात शेवटचं जनावर घुसवायचं. त्याला पाचर म्हणतात. पाचर बसली की सगळा डबा घट्ट होतो. मग गाडीने कितीही हिसके दिले तरी कुणी पडत नाही, आणि एकमेकांच्या उबेने थंडीही फार वाजत नाही. दुसऱ्या डब्याची पाचर म्हणजे डॉली, करडी घोडी. जिथे मांजरही शिरणार नाही अशा जागेत ती आधी मान घालते, मग खांदा, आणि मग मागचा सगळा संसार असा काही हलवते की शेजारचे निमूट सरकतात. टीग तिला कधी ढकलत नाही. नुसता म्हणतो, "चला बाईसाहेब, मंडळी खोळंबलीत."

अँब्रोज टीग हा आमचा घोड्यांचा मुकादम. वय साठीच्या आसपास, बोलायला कंजूष आणि कोटाचा वैरी. गाडी सुटायच्या आत आला, बटण तुटलं म्हणून. एरवी रविवारी येतो. मी मेण लावलेला दुहेरी दोरा वापरते, तरी दर वेळी चाकूने कापावा तसा साफ तुटलेला. विचारलं की म्हणतो, डॉलीने चावलं. तुटलेलं बटण कधी आणत नाही, मग माझ्या बरणीतलं नवं लावावं लागतं. माझ्या हाताला एका बटणाला तीन मिनिटं पुरतात, आणि हा माणूस गुडघ्यावर टोपी ठेवून अर्धा तास बसून राहतो, एक कप कॉफी पितो आणि उठून जातो. इतका रिकामा वेळ असलेल्या माणसाचे घोडे इतके नेटके कसे, हे मला कोडंच आहे.

माझ्या वरच्या बाकावर झोपणारी कोराली घोड्यावर उभी राहून कसरती करते आणि जिभेनेही करते. तो गेल्यावर म्हणाली, "मावशी, त्या माणसाच्या कोटाला बटणं आहेत की दुधाचे दात?"

"डॉलीला खोड आहे चावायची."

"हो तर! डॉलीलाच," म्हणाली, आणि उशीत तोंड खुपसून हसत राहिली. काही कळत नाही हल्लीच्या पोरींचं.

६ नोव्हेंबर, शनिवार

काल दुपारपासून बर्फ. आज सकाळी गाडी थांबली ती थांबलीच. डाकोटाचा उघडा माळ, आणि आम्ही नेमके एका खोदलेल्या चरात. दोन्ही बाजूंनी मातीच्या भिंती आणि वरून वारा त्यात बर्फ ओततोय. इंजिनाचं नाक बुडालं. फायरमन मागच्या स्टेशनापर्यंत चालत जाऊन आला. बर्फ कापणारं इंजीन दुसरीकडे अडकलंय म्हणे. दोन दिवस लागतील, नाहीतर चार.

आमच्या डब्यांत कोळशाच्या शेगड्या आहेत. घोड्यांच्या डब्यांना त्या नाहीत, फळ्यांच्या फटी तेवढ्या आहेत. पहिला डबा इंजिनाला लागून चरात खोल आहे, तिथे आडोसा तरी आहे. दुसऱ्यापाशी भिंत उतरते, त्याच्यावर वारा सरळ येतो. टीग माझ्याकडे आला. आज बटण जागेवर होतं. दारातच उभा राहिला.

"बाई, त्या मखमली झुली द्याल का? फटींवर आतून ठोकायला."

आधी मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मिरवणुकीच्या झुली! लाल मखमल, त्यावर कलाबतूचं काम. अकरा हिवाळे मी एकेक टाका घातलाय. घरात आईबाप नाहीत, नवरा मुलं नाहीत, माझं म्हणावं असं जे काही आहे ते त्या सहा पेट्यांत आहे.

"त्यांना खिळे मारायचे? टीग, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? पोती घ्या, कॅनव्हास घ्या."

"कॅनव्हास पहिल्या गाडीने गेला. पोती लावली. पुरत नाहीत."

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. तुमचे घोडे घट्ट उभे आहेत ना?"

"हो. घट्ट आहेत तोवर ठीक आहे," म्हणाला. वाद घातला नाही. त्याने वाद घातला असता तर बरं झालं असतं. मी पेट्यांना कुलपं लावली, किल्ल्या गळ्यात अडकवल्या आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसत राहिले.

७ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं त्यात माझाही हात आहे, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

आम्हा सर्कसवाल्यांना एक सवय आहे. रुतलं की घोडे जोडायचे. गुडघाभर चिखलातून वॅगनी निघतात, पुराच्या पाण्यातून तंबू निघतात. घोड्यांनी सोडवलं नाही असं संकट आम्ही पाहिलेलंच नाही. म्हणून सकाळी हॅव्हरकँपसाहेब फरचा कोट घालून उतरले आणि म्हणाले, "सहा घोडे काढा. फळ्यांचा नांगर करू, इंजिनापुढचा बर्फ ओढू." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा. बसून राहण्यापेक्षा काहीतरी केलेलं बरं, असं वाटलं.

एकटा टीग आडवा आला. "साहेब, पहिल्या डब्याचं दार चराच्या भिंतीला लागलंय, उघडत नाही. दुसऱ्यातून काढायचे तर आधी पाचर निघते. मग सगळा डबा सैल होईल."

"परत घालू की!"

"हे घामाने भिजून येतील. आतले तोवर गारठलेले असतील. चिखल ओढला की ओढला जातो, साहेब. हा वरून परत पडतोय."

"टीग, घोडे तुझे आहेत की माझे?"

टीग दाराकडे वळला. डॉलीला स्वतः बाहेर काढलं. तिच्या मागून पाच. तीन तास ते घोडे छातीभर बर्फात झगडले. काय जनावरं ती! एकाने मान टाकली नाही. आणि त्यांनी ओढलेला प्रत्येक हात बर्फ वारा मागून भरत होता. शेवटी डॉलीचा पाय रुळाशेजारच्या नाल्यात गेला आणि मोडला. आवाज आमच्या खिडकीपर्यंत आला.

इंजीन ड्रायव्हरकडे पिस्तूल होतं. त्याने विचारलं, मी करू का? टीग म्हणाला, "नको. तिला माझा आवाज ओळखीचा आहे." मी पडदा ओढून घेतला.

रविवार होता. मी सुई ओवून कॉफी तापवत ठेवली होती. तो आला नाही. येणार नव्हताच, मलाही कळत होतं, तरी कॉफी आटेपर्यंत ठेवली.

८ नोव्हेंबर, सोमवार

दुसऱ्या डब्यात बार्नी नावाचा घोडा पडला. राहिलेले पाच परत घातले, पण ते ओले, थरथरणारे, आणि मध्ये डॉलीएवढी जागा मोकळी. टीग पहिल्या डब्यातून एखादा घोडा आणून घालेल म्हटलं, तर दार उघडत नाही. गवताच्या गासड्या कोंबून बघितल्या. दोन तासांत शेजाऱ्यांनी पाचर खाऊन टाकली. मग बार्नीचे पाय गेले, आणि इतर घाबरून त्याच्यावरून नाचले. तो परत उठला नाही.

मी ऐकलं आणि गळ्यातल्या किल्ल्या काढल्या. कुणी मागायला आलं नव्हतं. सहाही पेट्या उघडल्या. शनिवारी दिल्या असत्या तर बार्नी उभा असता का? टीग म्हणतो, सांगता येत नाही. तो खोटं बोलत नाही, म्हणून ते जास्त लागतं.

कोराली आणि मी झुलीला झूल जोडून शिवत होतो, तर भटारखान्याचा आचारी कनात खांद्यावर घेऊन आला. ही कनात म्हणजे आमच्याकडे धर्म आहे. जेवताना तिच्या एका बाजूला कलाकार, दुसऱ्या बाजूला मजूर, आणि कोणी ओलांडायची नाही. मी स्वतः एकदा एका मोतद्दाराला चुकीच्या बाजूला बसला म्हणून उठवलंय. "हीसुद्धा शिवा," आचारी म्हणाला. "आता कोण कुठे बसतंय ते बघायला वेळ कुणाला आहे?"

मालक आलेच. लाल मखमलीत खिळे जाताना बघून त्यांचा चेहरा पडला. "अल्विनाबाई, पुढच्या सीझनला मिरवणुकीत काय घालणार?"

"आधी घोडे राहू द्या, साहेब. मग काय घालायचं ते मी बघते."

 त्यांनी फरचा कोट काढून दाराच्या फटीत कोंबला आणि नुसत्या सदऱ्यावर परत गेले. माणूस हावरा आहे, पण वाईट नाही, हे मला लिहून ठेवायलाच हवं.

९ नोव्हेंबर, मंगळवार

बादल्यांची रांग लागली आहे. भटारखान्याच्या चुलीवर बर्फ वितळवायचा आणि हातोहात पाणी घोड्यांपर्यंत न्यायचं. उंच झोक्यावर कसरती करणारे चौघे भाऊ, दोन विदूषक, चारशे पौंडांच्या मिस बेलिंडा, तंबूचे खुंटे ठोकणारे, सगळे एका ओळीत. मिस बेलिंडा वाऱ्याच्या बाजूला मुद्दाम उभ्या राहतात. म्हणाल्या, "आयुष्यभर लोक मला बघायला पैसे देतात. आज पहिल्यांदा माझा आडोसा कुणाच्या कामी आला." हसलो सगळे. ओठ फुटलेत, हसलं की रक्त येतं.

मी कॉफी घेऊन दुसऱ्या डब्यात गेले. आत लाल अंधार. मखमलीतून उजेड येत होता आणि सगळीकडे वाफ. टीग मला दिसेना.

"कुठे आहात?"

"इथे. पाचरीत."

डॉलीच्या जागी तो स्वतः उभा होता! दोन डोंगरांच्या मध्ये, पाठ एकाला टेकलेली, छाती दुसऱ्याला. बार्नीची जागा नांगराच्या फळ्या ठोकून आवळली, पण ही फट उरली, आणि हा कालपासून तिथे आहे म्हणे. एकेका मोतद्दाराने आळीपाळीने उभं राहून पाहिलं, पण घोडे टिकू देईनात. डॉलीचे हे दोन शेजारी नऊ वर्षं तिच्यावर रेललेत. दुसऱ्या कोणाची सवय नाही. टीगच्या अंगाला तिचा वास येतो, म्हणून त्याच्यावर रेलतात. ते स्थिर राहिले की बाकीचे स्थिर राहतात.

"चिरडाल एखादे वेळी."

"चिरडत नाहीत. टेकतात नुसते."

हातमोजे नव्हते. घोड्यांच्या श्वासाचा नाकपुड्यांवर बर्फ होतो आणि त्यांचा जीव घुसमटतो. तो उघड्या हाताच्या उबेनेच सुटतो. तो एका हाताने इकडचं नाक धरत होता, दुसऱ्याने तिकडचं. बोटं मेणासारखी पांढरी. मी रागावले. तो म्हणाला, दुखत नाहीत. ते ऐकून मी आणखी रागावले.

मग माझं लक्ष गेलं, कोटाचं वरचं बटण नव्हतं. दोरे लोंबत होते, कापडही फाटलं होतं. सुई माझ्या कॉलरला असतेच. घोड्याच्या पोटाखालून वाकून मी तिथेच लावायला घेतलं.

"आज खरंच तुटलं, बाई," तो म्हणाला.

"खरंच म्हणजे? एरवी काय खोटं तुटतं?"

 दोन्ही घोड्यांच्या मध्ये त्याचा चेहरा तेवढा दिसत होता, आणि तो हसत होता. चार दिवस झोप नाही, घोडी गेली, बोटं गोठलेली, आणि हा हसतोय. थंडीने माणसाचं डोकं फिरतं असं ऐकलंय. मला फार काळजी वाटते आहे.

१० नोव्हेंबर, बुधवार

तोच वारा. बादल्या. टीग अजून आतच. कॉफी मी पाजते, कप धरता येत नाही त्याला.

११ नोव्हेंबर, गुरुवार

आलं! दुपारी बाराच्या सुमारास शिट्टी ऐकू आली आणि मग समोरून बर्फाचा फवारा उडवत इंजीन आलं. विदूषक आणि खुंटेवाले एकमेकांच्या गळ्यात पडले. मालक रडले.

मी दुसऱ्या डब्याकडे धावले. धावले म्हणजे काय, पडत झडत पोचले. दार उघडलं. पंचवीस घोडे उभे होते. पंचवीसच्या पंचवीस! आणि मधोमध टीग, डोळे मिटलेले, मान एका घोड्याच्या खांद्यावर. पडला नव्हता, कारण पडायला जागाच नव्हती. त्या दोघांनी त्याला दोन्हीकडून धरून उभा ठेवला होता. चौघांनी ओढलं तरी ते सरकेनात. शेवटी मला त्याच्यासारखं म्हणावं लागलं, "चला मंडळी, खोळंबा करू नका." तेव्हा कुठे इंचभर हलले.

तो जिवंत आहे. परत लिहिते, जिवंत आहे.

१३ नोव्हेंबर, शनिवार. मायनॉट

काल इथल्या इस्पितळात त्याची चार बोटं काढली. उजव्या हाताची. डॉक्टर म्हणाले, माणूस वाचला हेच पुष्कळ.

गाडी पुढे गेली. झुली इथेच धुऊन वाळवायच्या आहेत, असं मालकांना सांगून मी राहिले. कोराली म्हणाली, "झुली का! बरं, बरं." पण या वेळी हसली नाही. माझ्या गालाची पापी घेतली आणि गाडीत चढली.

जाण्याआधी तिने टीगचं सामान मला आणून दिलं होतं. आज त्याला कोरडे पायमोजे शोधायला पिशवी उपसली. तळाशी तंबाखूचा एक पत्र्याचा डबा. उचलला तर खुळखुळला. उघडला.

बटणं होती. काळी, शिंगाची, माझ्या बरणीतली. प्रत्येकात माझा चौफुलीचा टाका जसाच्या तसा, मेण लावलेला दुहेरी दोरा, आणि मागे चाकूने साफ कापलेला. एकाही बटणावर दाताची खूण नाही. चौदा सीझनचे रविवार होते त्या डब्यात.

मी पलंगावर बसून एकेक बटण उलटून पाहिलं. मखमलीत कुठे एक धागा ओढला गेला तर दहा हातांवरून दिसतो मला. आणि हे दिसलं नाही. मूर्ख बाई! सगळ्या गाडीला माहीत होतं. बहुतेक डॉलीलाही. बिचारीवर इतकी वर्षं आळ घेतला त्याने.

१४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी झुली धुतल्या. लिदीचा वास काही जात नाही. जाऊ नये असंही वाटलं.

मग कोट घासून साफ केला. सगळी बटणं जागेवर होती, डब्यात उभ्याउभ्या लावलेलंसुद्धा पक्कं. मी कोट मांडीवर घेतला, कात्री काढली आणि वरून दुसरं बटण कापलं. ते माझ्या झग्याच्या खिशात टाकलं.

इस्पितळात तो उशीला टेकून खिडकीबाहेर बघत होता. हाताला बोजड बँडेज. मला वाटतं, बोटांपेक्षा त्याला दुसऱ्याच कशाची तरी चिंता होती. मला बघून म्हणाला, "बाई, चाकू धरता यायचा नाही आता."

"चाकूचं काय काम आहे तुम्हाला?" म्हटलं आणि कोट पुढे धरला. "हे बघा. बटण तुटलंय परत."

त्याने बघितलं. मोकळ्या जागी दोरे होते, कात्रीने साफ कापलेले.  मग माझ्याकडे बघितलं. कानापर्यंत लाल झाला, साठीचा माणूस.

"डॉली तर राहिली नाही," तो हळूच म्हणाला.

"मग आणखी कुणीतरी चावलं असेल." मी खुर्ची पलंगाजवळ ओढली, त्याची टोपी त्याच्या गुडघ्यावर ठेवली आणि नर्सकडे दोन कप कॉफी मागितली. "तुम्ही बसा गप्प. वेळ लागेल."

एक बटण लावायला मला आज पाऊण तास लागला.